वायरींना बांधलेल्या चिंध्या

प्रिय तात्या,

तुम्ही आज असतात, तरी हे पत्र तुम्हाला वाचता आलं नसतं. मला हे गेल्या मंगळवारी कळलं, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. म्हणून लिहायला बसले. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं त्यांनाच चार पानं लिहायची, हा वेडेपणा आहे हे मला कळतं. पण मला दुसरं येतं काय? मन जड झालं की मला वही लागते. तुम्हाला गाडीचा पान्हा लागायचा.

लिहून झालं की मी हे मोठ्यानं वाचणार आहे. तुमच्यामागे एकटी राहिलेली मोठाई भाकरी करता करता ऐकेल. तुम्हीही ऐका.

तुम्हाला जाऊन सात महिने झाले. तेव्हापासून जीप लिंबाखालून हलली नव्हती. दिवाळीत मी एकदा चावी फिरवली, तर आतून नुसतं 'टक' झालं आणि पुढे काहीच नाही. आई-आप्पा ऊसतोडीला निघायच्या गडबडीत होते, मला क्लाससाठी नगरला परतायचं होतं. तशीच राहिली. चार महिने धूळ बसली, कोंबड्यांनी बॉनेटवर बस्तान मांडलं.

आता तोड संपवून आई-आप्पा घरी आले. दुसऱ्याच दिवशी आप्पांनी जीपभोवती फेरी मारली आणि टायरला पाय लावून बघितला. तुमचा धाकटा भाऊ, बोलायला नेहमीच थोडका.

"सोने, मला गाडी हाकता येती," ते म्हणाले. "पन बिघाड काढायचा कुनी? दादा हुता तवर ठीक हुतं. तू चालली नगरला नोकरीला. पाडव्यापत्तूर चालू झाली तर ठिवू. न्हाईतर भंगारवाल्याला सांगतो. उगं गंजत कशाला पडायची?"

मोठाई तिथेच बाजरी निवडत होती. सूप खाली ठेवून उठली आणि जीपच्या सीटवर उन्हासाठी टाकलेलं पोतं नीट करून आली, जणू कुणी आजारी माणूस झोपलंय आत.

वाडीत अजूनही एसटी येत नाही, तात्या. फाटा तेवढाच लांब आहे. शेवंता मावशी डोळ्याचं ऑपरेशन करून पाथर्डीहून आली ती मोटारसायकलवर, मधे बसून, एका हातानं डोळा धरून. बाजारच्या दिवशी बाया डोक्यावर पाट्या घेऊन चालत निघतात आणि आपल्या दारावरून जाताना, तुम्ही त्यांना फाट्यावर सोडायचात त्या जीपकडे एकदा बघून घेतात. ते बघणंच पुरतं.

मी आप्पांना म्हटलं, मी करते दुरुस्त. तुमच्या हाताखाली शिकलेली मी, वर विज्ञानाची पदवी. आपल्या घरातली पहिली. मी नाही करणार तर कोण करणार?

तुम्हाला आठवतं, मी किती लहान होते तुमच्याकडे राहायला लागले तेव्हा? आई-आप्पा दसऱ्या-दिवाळीला कोयते घेऊन निघायचे ते शिमग्यानंतर परत. बाकीची पोरं आईबापांबरोबर खोपीत राहायची, शाळा सुटायची. तुम्ही आप्पांना म्हणालात, "पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल. ती शिकंल." एवढंच. त्यावर कुणी वाद घातला नाही. तुम्हाला आणि मोठाईला मूल नव्हतं, आणि मला सहा महिने आई नव्हती.

संध्याकाळी तुम्ही जीपच्या पायरीवर बसायचात आणि माझं मराठीचं पुस्तक हातात धरायचात. मी समोर उभी राहून धडा म्हणायची. मी कुठे अडखळले की तुम्ही बोट वर करायचात आणि अडखळत्या इंजिनाबद्दल म्हणायचात तेच म्हणायचात.

"मिसिंग आलं. परत म्हन."

मला वाटायचं, तात्यांना अख्खं पुस्तक पाठ आहे. एकही चूक तुमच्या कानातून सुटायची नाही. आता कळतं, तुम्ही पुस्तकाकडे बघतच नव्हतात. इंजिनाचा आवाज ऐकावा तसं माझं वाचन ऐकत होतात. आवाज गुळगुळीत चालला की बरोबर, धक्का बसला की काहीतरी चुकलंय. सातवीपर्यंत तुम्ही माझा अभ्यास असा घेतलात. आणि मला एकदाही शंका येऊ दिली नाहीत.

तुमच्या मांडीवरचं ते पुस्तक कधी उलटं होतं का हो? मी कधी बघितलंच नाही.

आणि गाडीही तुम्ही मला तशीच शिकवलीत. आधी ऐकायचं, मग वास घ्यायचा, मग हात लावून कुठे गरम आहे ते बघायचं, आणि सगळ्यात शेवटी पान्हा. "पान्हा आधी घेनारा मानूस घाबरलेला असतो," असं तुम्ही म्हणायचात. कधीकाळी ट्रकवर क्लीनर, मग नगरच्या एका गॅरेजात हेल्पर, आणि मग ही लिलावातली जुनी जीप. वीस वर्षं तिला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. एकदा पाण्याचा पंप गळायला लागला तेव्हा तुम्ही तीन दिवस फाट्यावर मुक्काम ठोकलात, पण गॅरेजवाल्याला बॉनेट उघडू दिलं नाहीत. मोठाई तिथे डबा घेऊन यायची आणि तुमच्यावर चिडायची.

तात्या, आता मला त्या दसऱ्याबद्दल लिहायचंय.

जीपची मूळ वायरिंग उंदरांनी खाल्ली ते मी पाचवीत असताना. तुम्ही सगळी नव्यानं टाकली. नगरच्या जुन्या बाजारात तुम्हाला वायरीचं एकच मोठं भेंडोळं मिळालं आणि ती सगळी वायर काळी निघाली. दिव्याची काळी, हॉर्नची काळी, हीटरची काळी. कुठली कुठे जाते हे ओळखायला तुम्ही प्रत्येक वायरीला कापडाची चिंधी बांधलीत. कुठे हिरवी, कुठे पिवळी, कुठे फुलाफुलांची. बॉनेट उघडलं की आत नवसाला बांधतात तसं दिसायचं. मला लहानपणी त्याची गंमत वाटायची. कॉलेजात गेल्यावर लाज वाटायला लागली.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते मी. प्रयोगशाळेत प्रत्येक तारेला नाव, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. घरी येऊन बघते तर तेलानं माखलेल्या चिंध्या, त्याही गरम इंजिनाच्या इतक्या जवळ. मला वाटलं, एखाद्या दिवशी पेट घेईल. ते खोटं नव्हतं, तात्या. एवढं मला आजही म्हणू द्या. पण तुमच्याशी बोलायचं सोडून मी काय केलं? दसऱ्याला गाडीची पूजा असते, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही आणि मोठाई तिच्या भावाकडे गेला होतात. दिवसभर बसून मी एकेक चिंधी कापली आणि तिच्या जागी पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. वर काळ्या शाईनं, माझ्या चांगल्यातल्या चांगल्या अक्षरात लिहिलं: हॉर्न. पुढचा दिवा, डावा. पुढचा दिवा, उजवा. हीटर. स्टार्टर. ब्रेकचा दिवा. अठरा वायरी, अठरा पट्ट्या. चिंध्या मी पाणी तापवायच्या बंबात घातल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही झेंडूचा हार घेऊन आलात आणि कुंकू लावायला बॉनेट उघडलंत. मी मागेच उभी होते. तुम्ही बराच वेळ आत बघत राहिलात.

"ह्ये तू केलंस?"

"हो. आता कुणालाही कळेल कुठली वायर कशाची ते."

"लई बेस केलंस," तुम्ही म्हणालात. "सायबाची गाडी झाली." मग हार हातातच धरून, "अन् त्या चिंध्या?"

"बंबात घातल्या."

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि हार घातलात.

त्या 'बरं'चा मी काहीच अर्थ लावला नाही. मला 'लई बेस' ऐकू आलं होतं. मैत्रिणींना मी ते चार दिवस सांगत होते.

त्यानंतर तुम्ही हळूहळू बॉनेट उघडायचं बंद केलंत. हॉर्न वाजेना, तर म्हणालात, "तूच बघ की, तुजं शिक्षन हाय." मला तो मान वाटला. मी नगरला असताना ब्रेकचा दिवा गेला तर तुम्ही जीप फाट्यावरच्या गॅरेजात नेलीत. ज्यांनी तीन दिवस फाट्यावर काढले पण कुणाला हात लावू दिला नाही, त्यांनी एका दिव्यासाठी जीप दुसऱ्याच्या दारात उभी केली. मी काय म्हटलं तुम्हाला, आठवतं? "तात्या, तुम्ही आळशी झालात." तुम्ही हसलात. "वय झालं, बाई."

सगळे तेच म्हणत होते, वय झालं. मीही.

आणि मंगळवारी हे असं झालं.

दोन दिवस मी जीपच्या खाली-वर करत होते. बॅटरी फाट्यावर नेऊन पूर्ण चार्ज करून आणली. तरी नुसतं टक. मला वाटलं स्टार्टर गेला. आप्पांच्या मदतीनं तो काढला, गॅरेजात दाखवला, तो चांगला निघाला. गॅरेजवाला म्हणाला, वायरिंग सगळी नवीन टाका, नाहीतर विकून मोकळे व्हा. म्हणून स्टार्टर परत बसवून मी वायरी बघायला लागले. आणि माझ्या पट्ट्या? निम्म्या गळून पडल्या होत्या. राहिल्या त्यांच्यावरची शाई डिझेलनं विरघळून निळसर डाग उरले होते. एकही शब्द धड लागत नव्हता.

मी वैतागले. घामानं आणि काजळीनं माझा अवतार झाला होता. मी बॉनेटखालूनच म्हटलं, "तात्यांनी निदान एवढं तरी करायचं. पुसट झाल्यावर पुन्हा लिहायला काय झालं होतं?"

मोठाई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "त्यांना लिवता येत हुतं का?"

"म्हणजे?"

"लिवता येत न्हवतं, वाचता येत न्हवतं. सही तेवडी गिरवून शिकल्ते." मग तिनं माझं तोंड बघितलं. "अगं, तुला ठाव न्हवतं?"

आप्पा दारात होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते जमिनीकडे बघायला लागले.

सगळ्यांना माहीत होतं, तात्या. आप्पांना, आईला, शेवंता मावशीला, फाट्यावरच्या चहावाल्याला. फक्त मला नाही. तुम्हीच बजावून ठेवलं होतंत म्हणे, "पोरीला सांगू नगा. ती मला अभ्यासाचं इचारती." माझं विचारणं थांबू नये म्हणून तुम्ही सगळ्या वाडीला गप्प बसवलंत.

मग एकेक आठवायला लागलं. चहाच्या टपरीवर तुमच्या हातात पेपर असायचा, आणि मी आले की तो माझ्याकडे यायचा. "चष्मा घरी ऱ्हायला, वाच बरं काय म्हन्तेत." तात्या, तुम्हाला चष्मा होताच कुठे? लग्नपत्रिका आली की माझ्याकडे, लाईटचं बिल आलं की माझ्याकडे. "तुजं वाचन पक्कं व्हाया पायजे." किती वर्षं मी तुमचे डोळे होते आणि मला वाटत होतं की तुम्ही माझी परीक्षा घेताय.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. पहिल्या वर्षाला कॉलेजचं शिबिर आपल्याच वाडीत होतं. निरक्षरांची यादी करायची होती. मी घरोघर गेले. भिंतींवर घोषणा रंगवल्या. म्हाताऱ्या माणसांशी मी इतकी गोड बोलले, म्हटलं लाजायचं नाही, शिकायला वयाची अट नसते. आपल्या घराशी आले तेव्हा तुम्ही दारात चहा पीत उभे होतात. मी विचारलंसुद्धा नाही. उभ्या उभ्या कागदावर तुमचं नाव लिहिलं आणि पुढे 'साक्षर' अशी खूण केली. तुम्ही ते बघितलंत. तुम्ही मला बशीतला चहा दिलात.

एका शब्दानं सांगायचं होतं हो. चारचौघांसमोर आप्पांचा कान पिरगाळायला तुम्हाला कधी संकोच वाटला नाही. मग मलाच का सांगितलं नाहीत? मी हसले असते असं वाटलं का? की मी यादीत नाव घातलं असतं, पाटी आणून दिली असती, आणि तुम्हाला रोज समोर बसवलं असतं, याची भीती वाटली? खरं सांगू, मी तेच केलं असतं. मोठ्या उत्साहानं केलं असतं.

मी मोठाईला विचारलं, "त्यांना माझा राग आला होता का?"

"राग कसला? म्हनले, पोरीनं किती मेहनत घेतली. अक्षर बघ कसं मोत्यावानी हाय." ती बॉनेटकडे बघून पुढे म्हणाली, "पन सांजच्याला आमी दोघं आत डोकं घालून बसायचो. ते मला म्हनायचे, ह्यातलं हॉर्नचं कोन्तं असंल? मी म्हनायची, मला तरी कुठं वाचाया येतंय? मंग मी हॉर्न दाबायची, अन् ते एकेक वायर वडून बघायचे. चार सोडल्या तर समद्या घावल्या तशा. मंग म्हनले, ऱ्हाऊ दे. चुकून पोरीचं काम इस्कटायचं."

तिनं हे हसत सांगितलं. दोन म्हातारी माणसं बॉनेटमध्ये डोकं घालून अक्षरांचा अंदाज करतायत, याचं तिला हसू येत होतं. मला आलं नाही.

त्या दिवशी मी पुन्हा जीपला हात लावला नाही.

बुधवारी सकाळी आप्पा म्हणाले, भंगारवाला शनिवारी येतो म्हणतोय, पाडव्याला वेळ नाही त्याला. म्हणजे तीनच दिवस. मी जीपपाशी गेले आणि पान्हा हातात घेतला, आणि काय करावं कळेना. तुमच्या खुणा मी जाळल्या होत्या आणि माझ्या विरघळल्या होत्या. अठरा काळ्या वायरी माझ्यासमोर, आणि मी पदवीधर.

तेव्हा पहिल्यांदा मला एक साधी गोष्ट विचारावीशी वाटली. मी ओट्यापाशी जाऊन म्हटलं, "मोठाई, कुठल्या वायरीला कुठली चिंधी होती, तुला आठवतं का?"

"न आठवायला काय झालं? लुगडी माजी हुती की."

ती पदर खोचून आली. तात्या, तुम्ही बघायला हवं होतंत. तिनं आत हात घातला तो न बघताच. "ही इकडून जाती ना, हिला हिरवी हुती, माज्या भावानं घेतलेल्या लुगड्याची. पुडचा दिवा. ही पिवळी, हॉर्न. ही चार्जिंगची, हिला तुज्या शाळेच्या झग्याची निळी. ष्टार्टरला लग्नातल्या शालूचा काठ, ते म्हनायचे ह्ये मानाचं काम हाय, मानाचंच कापड पायजे." प्रत्येक नावाला ती वायर हलक्या हातानं ओढायची, आणि मी दुसऱ्या टोकाला बघायची. तिनं सांगितलेली एकही चुकली नाही. माझ्या झग्याचं कापडही मी जाळलं होतं, हे मला तिथे उभं असताना कळलं.

आप्पा येऊन उभे राहिले होते. मोठाईनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं मला विचारलं, "चावी फिरीवली की टक व्हतं ना? तवा दिवं बारीक व्हतेत का?"

हे मी बघितलंच नव्हतं. मी दिवे लावले, आप्पांना समोर उभं केलं आणि चावी फिरवली. टक. दिवे तसेच लख्ख.

"न्हाई व्हत," आप्पा म्हणाले.

"मंग बॅटरी शाबूत हाय," मोठाई म्हणाली. "खालची पट्टी बघ. इंजनाची. पावसाळा सरला की ते दरसाल ती घासायचे. वायरीतनं गेलेल्याला परत यायाला वाट लागती, म्हनायचे. औंदा कुनी घासली?"

इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेली तांब्याची विणलेली पट्टी. स्टार्टरला गेलेली वीज त्याच वाटेनं परत येते. मी परीक्षेत यावर आकृती काढून पूर्ण गुण मिळवलेत, तात्या. पण ती पट्टी उघडीच असते, तिला ना तुमची चिंधी होती ना माझी नावाची पट्टी, म्हणून दोन दिवसांत माझी नजर तिच्यावर गेलीच नव्हती.

मी पान्हा घेऊन खाली सरकायला लागले तर तिनं हात धरला. "थांब. लगीच खोलू नगं. आदी ती जाडी तार लावून बघ, बॅटरीवरनं सरळ इंजनाला. चालली तर मंग पट्टीच."

मी जाड तार बॅटरीच्या वजा टोकाला आणि इंजिनाच्या अंगाला लावून धरली. मोठाई तुमच्या जागेवर चढून बसली. तिला गाडी चालवता येत नाही, पण डिझेल इंजिन चालू करण्याआधी तापवायचं ते हीटरचं बटन तिनं दाबलं आणि ओठ हलवत मोजलं, वीसपर्यंत. मग चावी फिरवली.

इंजिन फिरलं. एकदा खोकलं, पुन्हा फिरलं आणि लागलं. काळ्या धुराचा लोट आला आणि कोंबड्या सैरावैरा पळाल्या.

नंतर खाली जाऊन बघितलं तर पट्टीच्या बोल्टाखाली हिरवा गंज साचला होता. मी ती काढली, दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं लाल होईपर्यंत घासली, आवळून बसवली. जाड तार काढून पुन्हा चावी फिरवली तर पहिल्या झटक्याला लागली.

आप्पांनी चालू इंजिनाला एकदा कान लावला. मग म्हणाले, "वैनी, तुमाला ह्ये कवापास्नं येतं?"

"तुमी कवा इचारलं, भावजी?"

"आन् तुमी बोल्ला का न्हाई मग? भंगारात निघाल्ती की."

"बोलले असते. शुक्कारपत्तूर वाट बघनार हुते." तिनं डोळ्यांनी माझ्याकडे खूण केली. "हिचं शिक्षन काय करतंय ते बघत हुते."

आप्पा हसले. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. भंगारवाल्याला त्यांनी तिथूनच फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं. पलीकडून त्यानं कारण विचारलं असावं; आप्पा म्हणाले, "घरात मेस्त्री निघाला."

वीस वर्षं तुमच्या शेजारी उजेड धरून ती उभी होती. मी इतकी वर्षं त्या दृश्याकडे बघितलं आणि मला त्यात एकच मेकॅनिक दिसला. तुमची विद्या माझ्याकडे आली असं मी सगळ्यांना सांगत फिरायची. माझ्याकडे थोडी आली आहे, नाही असं नाही. पण बाकीची सगळी ओट्यावर बाजरी निवडत बसली होती. तुम्हाला हे माहीत होतं का? नक्की होतं. तुम्ही तरी तिचं नाव कधी घेतलंत का, तात्या? गाडी दुरुस्त झाली की लोक "तात्यांनी केली" म्हणायचे आणि तुम्ही मिशीवरून हात फिरवायचात. एवढी एक तक्रार माझी तुमच्याबद्दल आहे. ती मला सांगू द्या.

गुरुवारी आम्ही चिंध्या बांधल्या. मोठाईनं गाठोडं सोडलं. काही लुगडी आता राहिली नाहीत, तिथे तिनं दुसरी निवडली. दिव्याला हिरवंच हवं होतं, ते मिळालं. मी भीत भीत म्हटलं, "मोठाई, तेलाला लागली तर पेट घेईल गं. काय करूया?" ती विचारात पडली. मग म्हणाली, "आखूड बांदू. बोटभर. अन् इंजनापास्नं लांब, हितं आतल्या अंगाला." झालं. दोन मिनिटांत सुटला तो प्रश्न. दोन वर्षांपूर्वीही दोनच मिनिटं लागली असती.

माझ्या उरलेल्या डागाळलेल्या पट्ट्या मी ओरबाडून काढायला लागले, तर तिनं काढू दिल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे. त्यांनी ठिवल्या हुत्या." म्हणून आता काही वायरींवर दोन्ही आहे.

चार वायरींच्या चिंध्या तिला आठवल्या नाहीत. बल्बला दोन तारा जोडून आम्ही त्या कुठे जातात ते शोधलं, पण त्यांना काय बांधायचं ते तिनं अजून ठरवलं नाही. "बगू, मनाला यील तवा," म्हणते. मी घाई केली नाही.

शुक्रवारी आप्पांनी जीप फाट्यापर्यंत नेऊन आणली. जाताना रिकामी गेली, येताना बाया भरून आल्या. शेवंता मावशी उतरली आणि मोठाईला म्हणाली, "ऐकलं, तू बघतीस म्हनं आता गाडीचं." मोठाईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "बगते बाई. ते गेले, कुनीतरी बगाया पायजेच की." पण तिचा आवाज मी ओळखते. शाळेत बक्षीस मिळालं की माझा असाच व्हायचा.

तात्या, पुढच्या महिन्यात मी नगरला शाळेच्या प्रयोगशाळेत रुजू होईन. तिथे सगळ्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम मलाच आहे. जीप कधीतरी बंद पडेलच, जुनी गाडी ती. आप्पा सवयीनं मला फोन करतील. तुम्हाला शब्द देते, मी लगेच फोनवरून काही सांगायला लागणार नाही. मोठाईकडे द्या म्हणेन. तिला विचारेन, "तू काय बघितलंस? आवाज कसा आला?" ती सांगेल ते मधे न बोलता ऐकेन. समजलं नाही तर पुन्हा विचारेन, चारदा विचारेन.

तुम्हाला मी एकदाही विचारलं नव्हतं.

तुमची,
सोनाली